सरकारी खजिन्याचा हिशेब आणि नामदार गोखले

ज्या पेढीचा मुनीम धन्यास वही दाखवीत नाही, त्या पेढीचा धनी नावाचाच धनी होय. दुकानात माल भरपूर असो, गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असो, रोजमेळ आणि खतावणी यांवर ज्याची नजर नाही त्याच्या मालकीस काही अर्थ उरत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. राष्ट्राच्या कारभारासही हाच न्याय लागू आहे. कर कोणी द्यावयाचा, त्याचा विनियोग कोणी ठरवावयाचा, आणि झालेल्या खर्चाचा जाब कोणी कोणास विचारावयाचा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून राष्ट्र स्वतंत्र की परतंत्र याची खरी परीक्षा होते. ध्वज आणि राष्ट्रगीत ही स्वातंत्र्याची चिन्हे होत. जमाखर्चावरील ताबा हे त्याचे हाड आहे.

हल्ली दरसाल १ फेब्रुवारीस लोकसभेत अंदाजपत्रक मांडले जाते. त्या दिवशी काय स्वस्त झाले, काय महागले आणि प्राप्तीवरील कराची मर्यादा कोठवर सरकली, याची चर्चा दिवे लागेपर्यंत चालते. आणि दुसरे दिवशी सर्वांस सर्वाचा विसर पडतो. अशा काळात, ज्या पुरुषाने हाती मताचा अधिकार नसता केवळ आकड्यांच्या बळावर एका साम्राज्याच्या तिजोरीस जाब विचारला, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र वाचकांपुढे पुन्हा एकवार ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. गोखल्यांविषयी आमच्याकडे दोन पंथ आहेत. एक त्यांस मवाळ म्हणून नाक मुरडतो. दुसरा गांधीजींचे गुरू म्हणून त्यांच्या तसबिरीस हार घालतो आणि मोकळा होतो. त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे उघडून पाहण्याची तसदी मात्र दोघांपैकी कोणीच फारशी घेत नाही. म्हणून या दोन्ही पंथांचा आग्रह बाजूस सारून त्या चरित्राचा विचार करणे आम्हांस इष्ट वाटते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळरावांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. वडील बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये धाकट्या भावाच्या विद्येसाठी कोल्हापुरास पाठविण्याचा क्रम ठेविला. उरलेल्या सात रुपयांत त्यांनी घर चालविले. ज्याच्या शिक्षणाचा पैन् पै खर्च दुसऱ्याच्या ताटातून काढलेला असतो, त्यास पैशाची किंमत कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. पुढे साम्राज्याच्या कोट्यवधींची छाननी करणाऱ्या या पुरुषाने हिशेबाचा पहिला धडा या आठ रुपयांत गिरविला. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज व मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी शिकून १८८४ साली ते पदवीधर झाले.

त्या काळी पदवीधर ब्राह्मण तरुणापुढे दोन राजरस्ते असत : सरकारी नोकरी आणि वकिली. गोखल्यांनी कायद्याच्या अभ्यासास हात घातला होता. परंतु टिळक-आगरकर-चिपळूणकरांनी काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलने त्यांस ओढून घेतले. १८८५ साली ते तेथे शिक्षक झाले आणि लौकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन, वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर काम करण्याची शपथ त्यांनी घेतली. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे शाळांतून चालत होते. १९०२ साली ते या कामातून निवृत्त झाले. म्हणजे त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे फळ्यासमोर गेली.

त्यांची दुसरी शाळा न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी भरत असे. रानड्यांनी त्यांस सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन दिले आणि सरकारी अहवाल, कोष्टके व निळी पुस्तके वाचण्याची शिस्त लावली. एखादा आकडा चुकला वा विधान सैल राहिले, तर लेख परत येत असे. सोलापूरचे हेडमास्तर रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे या शाळेतील दुसरे अध्यापक. सरकारी आकड्यांच्या जंगलात वाट काढण्याची त्यांच्याइतकी हातोटी त्या पिढीत क्वचितच कोणास असेल. गोखल्यांच्या पुढील भाषणांत दिसणारी सामग्री पुष्कळ अंशी या अप्रसिद्ध विद्वानाच्या परिश्रमाने गोळा झालेली होती, आणि गोखल्यांनी ते ऋण कधी नाकारले नाही. आगरकरांच्या 'सुधारका'ची इंग्रजी बाजूही काही काळ गोखले लिहीत. १८९५ साली सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाकडे गेली, तेव्हा रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. त्या भांडणाची कहाणी वाचकांस ठाऊक आहे. ती येथे उगाळण्यात हशील नाही.

१८९७ साली गोखल्यांच्या आयुष्यातील पहिली मोठी कसोटी आली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायतेत लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक राजनियुक्त कमिशन १८९५ साली बसले होते. दादाभाई नवरोजी हे त्याचे एक सभासद होते. त्या कमिशनपुढे साक्ष देण्यास दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि गोखले हे हिंदी साक्षीदार गेले. त्यांत गोखले वयाने सर्वांत लहान. त्यांस एकतिसावे वर्ष चालू होते. प्रवासात कॅले येथे अपघात होऊन त्यांच्या छातीस दुखापत झाली होती. पण तिची वाच्यता न करिता ते साक्षीस उभे राहिले.

कायद्याच्या धंद्यात आम्ही पुष्कळ साक्षी पाहिल्या आहेत, आणि उलटतपासणीत मूळ जबानी शाबूत ठेवणे किती कठीण असते हे आम्ही जाणतो. मुरलेल्या अधिकाऱ्यांनी दोन दिवस प्रश्नांची झोड उठविली असता गोखल्यांनी आपले म्हणणे ढळू दिले नाही. त्यांच्या साक्षीचा मथितार्थ असा की, हिंदुस्थानचा खर्च वाढतो याचे कारण खर्च करणारा आणि कर देणारा हे निरनिराळे आहेत, आणि कर देणाऱ्याच्या हाती लगाम नाही. लष्कर, सरहद्दीवरील मोहिमा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार व पेन्शने यांचा भार हिंदी रयतेवर टाकताना तिचे हित कोठेच विचारात घेतले जात नाही. यावर उपाय म्हणून, कायदेमंडळातील लोकनियुक्त सभासदांस अंदाजपत्रकातील बाबींवर मत देण्याचा अधिकार असावा, अशी त्यांची मागणी होती. खर्चाचा प्रश्न आणि प्रतिनिधिमंडळाच्या सुधारणेचा प्रश्न हे दोन नव्हेत, एकच आहे, हे त्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

याच विलायतेच्या मुक्कामात त्यांच्या हातून एक गोष्ट घडली, आणि तिचा उल्लेख टाळणे चरित्रलेखकास शोभणार नाही. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तेथील वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केल्या. परत आल्यावर ते आरोप शाबीत करण्यास पुरावा पुढे येईना. पत्रे लिहिणारांची नावे उघड करणे त्यांच्या मनास पटेना. अखेर त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. राष्ट्रीय पक्षाने त्यांस भित्रे ठरविले. त्यांच्या स्नेह्यांपैकीही कित्येकांस ती माफी रुचली नाही. आमच्या मते ती माफी गरजेहून अधिक लीन होती. पण पुराव्यावाचून केलेला आरोप मागे घेतला पाहिजे, हे तत्त्व मात्र निर्विवाद खरे आहे. त्यानंतरच्या सतरा-अठरा वर्षांत त्यांनी सरकारवर जे जे आक्षेप घेतले ते बहुधा सरकारच्याच छापील आकड्यांवर उभारलेले असत. म्हणून ते खोडून काढणे सरकारास जड जाई.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले. तेथे १९०१ साली जमीनमहसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीस विरोध म्हणून सर फिरोजशहा मेथा यांच्यासमवेत त्यांनी सभात्याग केला. त्याच सालाच्या अखेरीस मेथांच्या जागी ते व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कौन्सिलात गेले. या कौन्सिलाची घटना कशी होती हे आजच्या वाचकांनी नीट ध्यानात घेतले पाहिजे. नाही तर गोखल्यांच्या कामगिरीचे मोल कळणार नाही. १८९२ च्या कायद्यान्वये बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे असे. लोकांकडून आडवळणाने निवडून येणारे सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा भाषण करण्याची मुभा होती; पण त्यात दमडीचीही कपात सुचविण्याचा, ठराव मांडण्याचा वा मत घेण्याचा अधिकार नव्हता. मंत्र्यांच्या उत्तरावर उपप्रश्नही करता येत नसे. सारांश, निकाल आधीच लिहून ठेवलेल्या न्यायाधीशापुढे वकिली करावयाची, असा तो प्रकार होता.

अशा कौन्सिलात २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. १८९६-९७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ यांनी देश पिळून निघालेला. त्यात प्लेगचा वरवंटा फिरत होता. आणि सरकारी तिजोरीत मात्र लागोपाठ कोटींनी मोजावी अशी शिल्लक पडत होती. ही शिल्लक म्हणजे देशाच्या भरभराटीची खूण, असे जमाखर्च खात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ सांगत होते, आणि बाकीचे सभासद त्यांचे अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी अभिनंदनात सामील होण्याचे साफ नाकारले व या शिलकेचे पोट फाडून दाखविले.

त्यांचा कोटिक्रम आमच्या व्यापारी वाचकांस चटकन पटेल. सरकारचा वसूल रुपयांत होई. परंतु विलायतेस दरसाल दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम पौंडांत पाठवावी लागे. रुपयाचा भाव घसरत १३ पेन्सांपर्यंत खाली गेला, तेव्हा एका पौंडास सुमारे साडेअठरा रुपये पडू लागले. ही तूट भरून काढण्यासाठी म्हणून कर वाढविण्यात आले. मिठावरील कर १८८८ साली मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला. पुढे १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या आणि काही वर्षांत रुपया १६ पेन्सांवर चढला. आता पौंडास १५ रुपये पुरेसे झाले. म्हणजे प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपयांची, आणि एकंदर पाच कोटींच्या वर बचत झाली. ज्या कारणास्तव कर वाढविले ते कारण नाहीसे झाले; कर मात्र जागच्या जागी राहिले. उलटपक्षी, रुपया महाग झाल्याने शेतकऱ्यास आपल्या मालाचे रुपये कमी मिळू लागले, सारा मात्र तितकाच द्यावा लागला. आणि गोरगरिबांच्या अंगावरील चांदीच्या डागांची किंमत उतरली ती वेगळीच. तेव्हा ही शिल्लक म्हणजे रयतेच्या खिशातून गरजेहून अधिक काढलेला पैसा होय, सुबत्तेची खूण नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी सरकारच्याच कोष्टकांवरून काढला. त्याबरोबर देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून बसविलेली साडेतीन टक्के जकात, लष्कराचा वाढता खर्च आणि शिक्षणास मिळणारे तुटपुंजे पैसे, या साऱ्यांचा त्यांनी समाचार घेतला.

त्या भाषणाने अंदाजपत्रकातील एक आकडाही त्या दिवशी हलला नाही; हलणे शक्यच नव्हते. पण १९०३ साली मिठावरील कर मणास २ रुपये झाला आणि प्राप्तीवरील कराची खालची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर नेण्यात आली. मिठाचा कर पुढे १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली १ रुपया झाला. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला. म्हणजे पूर्वी गरीब मनुष्य चवीपुरतेही मीठ हात आखडून घेत होता, हे आपोआप सिद्ध झाले. हे सर्व एकट्या गोखल्यांच्या वाणीने झाले असे आम्ही म्हणत नाही. तिजोरी तुडुंब भरलेली होती, आणि लॉर्ड कर्झन यांस औदार्याची हौसही होती. तथापि ज्या सरकारास कोणताही ठराव बांधून ठेवू शकत नव्हता, त्या सरकारास आपल्याच आकड्यांची लाज वाटावयास लावणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. मार्च महिन्यात गोखले काय बोलणार याची चिंता जमाखर्च खात्याच्या कचेरीत वाहिली जाऊ लागली, यातच त्यांचा विजय आहे.

न्यायाची ही मोजपट्टी त्यांनी केवळ सरकारासच लावली नाही. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्य मानलेल्या वर्गांच्या स्थितीविषयी ठराव मांडताना, दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांकडून होणाऱ्या अपमानाबद्दल ओरड करणाऱ्या आम्ही लोकांनी घरी आपल्याच बांधवांशी कसे वर्तावे, हा प्रश्न त्यांनी श्रोत्यांच्या पदरात टाकला. जो समाज आपल्यातील निम्म्या माणसांस हिशेबात धरीत नाही, त्यास परक्या सरकारापाशी समान न्याय मागताना जीभ अडखळली पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तीही याच बुद्धीने. लोकांचे काम फावल्या वेळी करण्याचे नव्हे, त्यास अभ्यासू व निर्लोभ माणसे आयुष्य वाहून मिळाली पाहिजेत, हा त्या संस्थेचा पाया होता. त्याच वर्षी काशीच्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले.

राज्यघटनेच्या सुधारणेसाठी त्यांनी विलायतेच्या खेपा घातल्या आणि हिंदुस्थानमंत्री मोर्ले यांच्याशी वाटाघाटी केल्या. १९०९ चा कायदा त्या खटपटीचे फळ होय. त्याने वरिष्ठ कौन्सिलातील जादा सभासदांची संख्या साठापर्यंत वाढविली, ठराव मांडण्याची व उपप्रश्न विचारण्याची मोकळीक दिली आणि अंदाजपत्रकातील काही बाबींवर मत घेण्याची सोय केली. पण वरिष्ठ कौन्सिलात सरकारी बहुमत कायम राहिले, मंजूर झालेला ठरावही सरकारास बंधनकारक नव्हता, आणि मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ निर्माण झाले. गोखल्यांनी तेही पत्करले. विभक्त मतदारसंघांचे बी पुढे कसले झाड होऊन उगवले ते १९४७ साली सर्वांनी पाहिले. १९१० च्या छापखान्यांच्या कायद्यासही त्यांनी व्हावा तसा विरोध केला नाही. या दोन्ही बाबतींत टीकाकारांचे म्हणणे आम्हांस ग्राह्य वाटते, आणि ते लपविण्याचे कारण नाही.

मिळालेल्या तुटपुंज्या अधिकाराचा उपयोग मात्र त्यांनी पुरेपूर केला. १९१० साली नाताळ वसाहतीत करारबद्ध मजूर पाठविणे बंद करावे हा त्यांचा ठराव सरकारने मान्य केला. १९१२ साली ती मजूरपद्धती सर्वत्रच बंद करावी असा ठराव त्यांनी आणला. तो ३३ विरुद्ध २२ मतांनी पडला. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दावा प्राथमिक शिक्षणाचा होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. जे एका संस्थानिकास साधले ते साम्राज्यास का साधू नये, हा त्यांचा सवाल होता. मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला व मार्च १९११ मध्ये बिल आणले. ते बिल इतके सौम्य होते की त्याहून सौम्य करणे अशक्य. म्युनिसिपालिटीने वा लोकल बोर्डाने मागितले आणि प्रांतिक सरकारने परवानगी दिली तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने व दोन तृतीयांश सरकारने सोसावा, इतकेच त्यात होते. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासदांच्या जोडीस काही बिनसरकारी सभासदही विरुद्ध गेले. गोरगरिबांची मुले शिकली तर शेतावर आणि घरी राबावयास कोण राहील, ही धास्ती केवळ परक्यांसच वाटत होती असे नव्हे.

येथे गोखल्यांच्या पद्धतीचे बळ व तिची मर्यादा ही दोन्ही एकदम उघडी पडतात. मिठावरील कर उतरविण्यात सरकारचे फारसे बिघडत नव्हते, म्हणून तेथे युक्तिवाद चालला. शिक्षणास पैसा हवा होता आणि शिकलेली रयत पुढे काय मागेल याची भीती होती. तेथे तोच युक्तिवाद, तेच आकडे, तीच वाणी निष्फळ ठरली. शिवाय जे कृपेने मिळते ते कृपा फिरली की जाते. १९२३ साली कायदेमंडळाने नाकारले असताही व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात मिठावरील कर पुन्हा अडीच रुपयांवर नेऊन दाखविला. तो कर कायमचा उठला तो १९४७ साली. तस्मात् हिशेब मागणाऱ्याच्या पाठीशी सत्ता हवी, हे लोकमान्य टिळकांचे म्हणणे इतिहासाने खरे केले. पण आमच्या मते इतिहासाने गोखल्यांचेही एक म्हणणे खरे केले आहे, आणि ते असे की सत्ता हाती आली तरी हिशेब मागण्याची विद्या आपोआप येत नाही. ती वेगळी शिकावी लागते.

अतिश्रम, मधुमेह आणि हृदयविकार यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा, त्याच सुमारास सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनाचे काम, विलायतेच्या फेऱ्या, असा तो क्रम चालूच होता. १९१४ साली देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय पुरते एकोणपन्नासही नव्हते. ज्यांच्याशी पंचवीस वर्षे मतभेद झाले ते टिळक सिंहगडाहून खाली येऊन स्मशानात हजर राहिले आणि त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याचा गौरव केला. मरणापूर्वी काही दिवस त्यांनी प्रांतांस स्वायत्तता देणाऱ्या सुधारणांचा एक मसुदा लिहून ठेविला होता. अखेरचे लिखाणही राज्यकारभाराच्या घटनेविषयीच होते.

त्यांच्यामागून काय झाले? मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने म्युनिसिपालिट्यांस सक्तीच्या शिक्षणाची मुभा देणारा कायदा झाला. १९२१ साली सरकारी हिशेब तपासणारी लोकलेखा समिती प्रथम अस्तित्वात आली. १९५० च्या राज्यघटनेने कायद्याच्या आधारावाचून कर घेण्यास मनाई केली, खर्चाच्या मागण्या लोकसभेच्या मतास घातल्या, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक हा स्वतंत्र अधिकारी नेमला. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांच्या ठरावास तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. ज्या ज्या अधिकारासाठी ते कंठशोष करीत होते, तो प्रत्येक अधिकार आज आम्हांस लेखी प्राप्त आहे.

आणि त्याचा उपयोग आम्ही कसा करितो? २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लक्ष कोटी रुपयांच्या अंदाजपत्रकातील सर्व खात्यांच्या मागण्या गोंगाटात, चर्चेवाचून, एकगठ्ठा मंजूर केल्या. २०१८ सालीही असेच घडले होते. निरनिराळ्या पक्षांच्या हाती सत्ता असता कमीअधिक प्रमाणात हे होत आले आहे. म्हणून कोणा एका पक्षास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात अर्थ नाही. घराजवळ पाहावे तर मुंबई व पुणे येथील महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. ७४ व्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातलेले असता हा प्रकार घडला. त्या काळात आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करावे आणि प्रशासक या नात्याने त्यांनीच ते मंजूर करावे, असा क्रम चालला. १९०२ च्या कौन्सिलात निदान एक गोखले उठून बोलू शकत होते. येथे बोलण्यास दालनच उरले नव्हते. आणि या गोष्टीबद्दल करदात्या शहरवासीयांनी फारशी तक्रार केली नाही, ही आम्हांस सर्वांत शोचनीय गोष्ट वाटते.

गोखल्यांपाशी मत नव्हते आणि अभ्यास होता. आमच्यापाशी मत आहे आणि अभ्यास नाही. या दोहोंचा संगम झाल्यावाचून लोकशाहीचा व्यवहार सचोटीचा होणार नाही. म्हणून आमची वाचकांस, विशेषतः व्यापारी मंडळ्या, वकीलसभा व शिक्षकवर्ग यांस सूचना आहे की, त्यांनी निदान आपल्या नगरपालिकेचे वा महापालिकेचे अंदाजपत्रक दरसाल मागवून वाचावे. गतवर्षी ठरविलेला खर्च व प्रत्यक्ष झालेला खर्च यांची तोंडमिळवणी करावी. लेखापरीक्षकांचे आक्षेप कोणते व त्यांची उत्तरे काय आली ते विचारावे. आणि मत मागावयास दारी येणाऱ्या उमेदवारास पहिला प्रश्न या वहीतून करावा. अंदाजपत्रकावरील चर्चेत किती वेळा उठून बोललात, हा प्रश्न खासदार-आमदारांसही विचारण्यास हरकत नाही. यास पैसा लागत नाही, मोर्चा लागत नाही. वर्षातील चार संध्याकाळी पुरतात. मुनिमावर विश्वास असावा, पण वही पाहिल्यावाचून दिवाळीचे लक्ष्मीपूजन कोणी शहाणा व्यापारी करीत नाही. राष्ट्राच्या वहीविषयी त्याने वेगळा नियम का धरावा, याचे उत्तर आम्हांस सापडत नाही.